पाचनईच्या मामांना, त्या अकरा खड्यांबद्दल

मामा,

मायना लिहितानाच अडले बघा. तीर्थस्वरूप लिहावं तर तुम्ही माझ्यापेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठे असाल, 'प्रिय' लिहिलं तर मामी हसतील, आणि सा.न.वि.वि. लिहिलं की सोसायटीच्या सेक्रेटरीला गळक्या पाईपबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. तुमच्याच हरिश्चंद्रगडावर तप केलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तेव्हा असेच अडले म्हणतात. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावेत की ज्ञानाने मोठा म्हणून नमस्कार, हे काही ठरेना, शेवटी कोराच कागद धाडला आणि मुक्ताबाईकडून ऐकून घेतलं, की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. मला मुक्ताबाईची बोलणी खायची नाहीत म्हणून सरळ मामा. त्या दिवशी घसरल्यावर तोंडातून तेच निघालं होतं.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुमच्यापर्यंत लेकीच्या मोबाईलवरून पोचेल. तिला सांगून ठेवलंय की सगळं वाचून दाखव, गाळू नकोस, बाबा लाजून उठून गेले तर मागे जाऊन वाच.

तुम्ही मला वाटेत विचारलं होतं, "बाई, काय करता?" मी म्हटलं, लिहिते. तुम्ही म्हणालात, "कुठल्या हापिसात?" मला पायाच्या कळा येत असतानाही हसू आलं कारण हा प्रश्न माझे सासरे पण गेली बावीस वर्षं जरा वेगळ्या शब्दांत विचारतायत. तर आता नीट सांगते. हापिस नाही. सकाळी साडेपाचला उठते, ओट्यापाशी उभी राहून एक कप चहा आणि दीड पान, तेवढंच माझं स्वतःचं. सहा पन्नासला कुकरची शिट्टी झाली की कथा तिथेच सोडायची, मग डबे, मग दिवसभर दुसऱ्यांची भाषांतरं, मुद्रितं तपासणं, मिक्सरच्या माहितीपत्रकाचं मराठी करणं, असं काय काय. कथा दिवाळी अंकांत येतात. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला हे आपण मराठी लोक फार कौतुकाने सांगतो, मानधनाचा आकडा मात्र तेव्हाच ठरला असावा आणि नंतर कुणाला तो बदलायची आठवण राहिली नसावी असा मला दाट संशय आहे.

आणि अधूनमधून डोंगर. ते वेड उशिरा लागलं, चाळिशी ओलांडल्यावर. खरं कारण सांगायचं तर गुडघे धरायच्या आत जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यावं. दुसरं कारण असं की डोंगरात कुणी 'काय सुचतंय का नवीन?' असं विचारत नाही. सिंहगड, राजगड, तिकोना झाले, रतनगडाला जाऊन आले, हरिश्चंद्रगड राहिला होता. मैत्रिणी आयत्या वेळी गळल्या (एकीची सासू, एकीचा गणपती, एकीचं नुसतंच 'अगं नाही जमणार'), म्हणून पैसे भरून एका ग्रुपबरोबर गेले. बेचाळीस माणसं आणि दोन लीडर. नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला.

त्या लीडर मुलाला माहिती मात्र सगळी पाठ होती हं. खिरेश्वरहून तोलार खिंडीत पोचेपर्यंत त्याने आम्हाला गडाचं सगळं पुराण ऐकवलं. गडाची उंची 1400 मीटरच्या वर, कोकणकडा अर्धगोल आणि मधे खोबणीसारखा आत गेलेला, कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने तिथे दिसलेलं इंद्रवज्र 1835 साली छापून सांगितलं, म्हणजे खाली धुक्यात गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध स्वतःचीच सावली. केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत, तो पडला की जग बुडणार. (तो खांब बघून माझ्या शेजारची बाई म्हणाली, आमच्या घरी पण असंच आहे. त्या दिवसातलं ते सगळ्यात शहाणं वाक्य होतं.) तर या मुलाला 1835 तोंडपाठ, पण आपल्यामागे बेचाळीस माणसं आहेत की एक्केचाळीस, हे त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

कड्यावर धुकंच धुकं. इंद्रवज्र सोडा, पुढच्या माणसाची सॅक दिसत नव्हती. पण सोनकी काय फुलली होती मामा, पठारभर कुणी हळद सांडल्यासारखी, मी खाली बसून वहीत चार ओळी खरडत होते तेव्हा लीडर म्हणाला, "मॅडम रायटर आहेत, त्यांना फील घेऊ द्या." सगळे हसले. तुमचं लिंबू सरबत त्याच्या आधी प्यायले होते, गुहेजवळच्या तुमच्या छपरात, तेव्हा तुम्हाला नीट पाहिलंही नव्हतं. एक हात पुढे आला, त्यात ग्लास होता, एवढंच. रेंज नव्हती म्हणून ऑनलाईन पैसे जाईनात, सुट्टे सॅकच्या तळाशी, मागून हाका, मी म्हटलं परत येताना देते. तुम्ही म्हणालात, "द्या सवडीनं."

उतरायला लागलो तशी मी मागे पडत गेले. हळू चालते हे मला माहीत आहे, नाव नोंदवताना सांगितलंही होतं. डोंगरातला साधा नियम आहे की पुढे एक जाणता आणि सगळ्यात मागे एक जाणता, मागच्याने कुणालाही आपल्या पाठी राहू द्यायचं नाही. आमच्याकडे दोन्ही जाणते पुढे, कारण बसवाल्याची वेळ होत आली होती. दुसरा मुलगा एकदा वळून म्हणाला, "मॅडम या आरामात, वाट एकच आहे!" आणि धुक्यात विरघळला. वाट एकच होती हे खरं. मीही एकटीच होते.

ओढा ओलांडून पुढे कड्याच्या पोटाखालून वाट जाते, वरून पाण्याच्या धारा पडत असतात, तिथे ओल्या कातळावर उजवा पाय गेला. कट् असा आवाज झाला, तो मी ऐकला, आणि मग बसूनच राहिले. पाय टेकवला की डोळ्यासमोर अंधारी. शिट्टी फुंकली, हाका मारल्या, धुकं सगळं पिऊन टाकत होतं. दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपची दोन पोरं आली, एकजण म्हणाला, "आंटी, स्प्रे आहे का?" मी म्हटलं नाही. "स्प्रे ठेवायला पाहिजे," असं म्हणून माझ्या पायाला वळसा घालून गेली. नंतर थोडं पुढून हसण्याचा आवाज आला. माझ्यावर हसत नसतील, पण त्या वेळी तसं वाटतं ना.

तासभर तरी गेला असेल. मला रडू येत होतं ते दुखण्याचं कमी आणि कुणी मोजलंच नाही याचं जास्त. एकोणपन्नास वर्षांची बाई, पैसे भरून आलेली, आणि एकाही माणसाच्या लक्षात येऊ नये की ही नाहीये.

मग तुम्ही आलात. डोक्यावर रिकामी पाटी, त्यात टोप आणि ग्लास खणखणतायत, खांद्यावर रिकामा कॅन. तुम्ही 'काय झालं' विचारलं नाहीत. पाटी उतरवली, पायाकडे बघितलं, म्हणालात, "बूट काढू नका, सुजंल आन् मंग जाणार न्हाई." मग डोक्याचा टॉवेल सोडून बुटावरून घोट्याला असा काही आवळलात की नंतर दवाखान्यातल्या मुलीने विचारलं हे कुणी बांधलं. कोयत्याने कारवीची एक जाड काठी तोडून, टोक साफ करून दिलीत. उचलून नेऊ का म्हणालात, मी नको म्हटलं, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. या सगळ्याबद्दल आभार आहेतच. पण पत्र याच्यासाठी लिहिलेलं नाही.

पत्र खड्यासाठी लिहिलंय.

माझा डावा हात तुमच्या खांद्यावर, उजव्या हातात काठी, असं आपण निघालो. पंधरा-वीस पावलं गेलो असू, मला दम लागला होता, पण थांबा म्हणायची लाज वाटत होती, आधीच एका माणसाचा खोळंबा केलेला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांबा बाई, बुटात खडा गेलाय." मला एका दगडावर टेकवलंत, तुमचा तो काळा प्लास्टिकचा बूट काढलात, कातळावर दोनदा आपटलात, आत फुंकर मारलीत, सावकाश परत घातलात. निघालो. परत वीसेक पावलं. "आयला, परत गेला." परत तेच. मला वाटलं बूट फाटका असेल.

तिसऱ्या वेळी तुम्ही दुसऱ्या पायातला काढलात.

चौथ्या वेळी मी नीट बघितलं. बूट आपटलात तेव्हा काहीही पडलं नाही. आणि तुम्ही बुटाकडे बघतच नव्हता, माझ्याकडे तर अजिबात नाही. समोर दरीकडे तोंड करून, खाली कुठेतरी भाताची खाचरं असतील तिकडे बघत, बूट हातात धरून बसला होतात, आणि माझा श्वास खाली येईपर्यंत तो बूट काही पायात जात नव्हता. कान माझ्याकडे होते. तेव्हा मला कळलं. आणि जे कळलं त्याने परत रडू आलं, पण ते वेगळं होतं, तेही तुम्ही बघितलं नाहीत, म्हणजे बघितलं नाही असं दाखवलंत.

मग मीही सामील झाले. "निघाला का?" मी विचारायची. "निघाला. लई बारीक व्हता." पुन्हा थोडं चालायचं. मधे मधे तुम्ही काळभाताच्या गोष्टी सांगत होतात, त्याचा वास घरात शिजला की शेजारच्या आळीत कळतो, लावणी यंदा उशिरा झाली, थोरल्याला नाशिकला कंपनीत घेतलंय पण त्याचं मन लागत नाही. मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तुम्ही उतारावर द्यायचात आणि अवघड पायरी आली की बोलणं बंद. एकदा बराच वेळ खडा गेलाच नाही, बहुतेक अंधार पडायच्या आत ओढ्याकाठची ती निसरडी जागा गाठायची होती तुम्हाला, आणि माझा पाय तर थरथरायला लागलेला. मग मीच म्हटलं, "मामा, तुमच्या बुटात खडा गेला वाटतं." तुम्ही थांबलात. त्या सबंध वाटेत पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलंत, मिशीतल्या मिशीत हसलात आणि म्हणालात, "हां, गेलाय खरा." आणि बूट काढलात. तो अकरावा.

अकरा खडे मामा. मी मोजले. त्या दिवशी आमच्यात मोजणारं तेवढंच कुणीतरी होतं.

तुमच्या घरी पोचलो तेव्हा कंदिलाची वेळ झाली होती, वीज गेलेली. मामींनी न विचारता पाय पाटावर घेतला, हळद गरम करून टॉवेलाच्या वरून सगळीकडे लिंपली, कोरा चहा दिला, गवती चहाची पात सरळ कपात, आणि म्हणाल्या, "ह्ये रोज चाळीस मिन्टात खाली येत्यात, आज मला वाटलं कुठं पडलं का काय." चाळीस मिनिटं! आपण किती वेळ लावला ते मी घड्याळात बघितलंच नाही, आणि आता बघायचंही नाही.

मी पाचशेची नोट काढली. चुकलंच माझं, पण शहरातल्या माणसाचा हात आपोआप पाकिटाकडे जातो, दुसरं काही सुचत नाही. तुम्ही नोटेकडे बघून म्हणालात, "ते ठिवा. सरबताचे वीस ऱ्हायलेत तेवढे द्या." मी सॅक उपसून तळातून दहा-दहाची दोन नाणी काढली, तुम्ही ती घेतलीत, मामींकडे दिलीत, मामींनी डब्यात टाकली. हिशेब पुरा. इतकं नीट कुणी मला आजवर माझ्या जागेवर बसवलेलं नाही आणि इतकं हलकंही वाटलं नव्हतं.

आमची बस गावात उभी होती. खरं तर लीडर मुलगा तुमच्या अंगणात आला तो रागातच, "मॅडम आम्ही कधीचे थांबलोय, फोन का उचलत नाही?" रेंज कुठे होती बाबा. तुम्ही खाटेवरून उठलाही नाहीत. नुसतं विचारलंत, "पोरा, माणसं मोजून आणली व्हती का?" तो गप्प. मला वाटतं त्याला उत्तर येत नव्हतं एवढंच, लाजला वगैरे असेल असं मी म्हणणार नाही, कारण रात्री पुण्यात पोचायच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता, ट्रेक सक्सेसफुल, सर्व जण सुखरूप, कृपया पाच स्टार द्या. खाली अंगठे, फुलं, भगवे झेंडे. मी त्या वेळी मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते.

हाड मोडलं होतं. प्लॅस्टर, घरी बसणं, बाकी काही सांगण्यासारखं नाही. सासऱ्यांनी एकदाच विचारलं, आता तरी डोंगर बंद का. मी म्हटलं बघू.

पण घरी बसले तेव्हा लिहायला भरपूर वेळ मिळाला, कुकरची शिट्टी दुसऱ्याने ऐकायची होती. मी तुमच्यावर कथा लिहिली मामा. म्हणजे नाव बदललं, गाव बदललं, बाईच्या जागी एक म्हातारे मास्तर घातले. खडा तसाच ठेवला. एका अंकाकडे पाठवली, जिथे मागची कथा वर्षभर पडून होती आणि नंतर 'हरवली, परत पाठवता का' असं उत्तर आलं होतं, तिथेच, कारण आपल्याला पण खोड असते. या वेळी मात्र चार दिवसांत फोन. संपादक म्हणाले, बाकी छान जमलंय, वातावरण वगैरे, पण तो बुटातल्या खड्याचा प्रसंग जरा कृत्रिम वाटतो. खेड्यातला माणूस एवढा बारीक विचार करेल का? तेवढं काढलंत तर घेतो.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ पायाकडे बघत बसले. बावीस वर्षं लिहितेय. गावातल्या माणसांवर कितीतरी लिहिलं, त्यांची दुःखं, त्यांची गरिबी, त्यांचा साधेभोळेपणा (हा शब्द मी वापरलाय, एकदा नव्हे, दहादा वापरलाय, आणि आता जुने अंक उघडायची हिंमत नाही), पण एकाही कथेत मला असा खडा सुचला नव्हता. म्हणजे संपादकाच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात कुठेतरी असणारच. मदत करणारा माणूस म्हणजे उचलून नेणारा, जीव धोक्यात घालणारा, असंच लिहायची सवय. समोरच्याला थांबा म्हणायची वेळ येऊ नये म्हणून स्वतःचाच बूट अकरा वेळा काढणारा माणूस सुचायला तो आधी भेटायला लागतो.

कथा मागे घेतली. खडा काढायचा नव्हता. त्याऐवजी हे पत्र.

परवा प्लॅस्टर निघालं. पाय बारीक झालाय, पांढरा फटक, मुळ्यासारखा. डॉक्टर म्हणतात हळूहळू चाला. कारवीची काठी दारामागे छत्र्यांबरोबर उभी असते, आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दोनदा ती टाकून द्यायला निघाल्या होत्या, दोनदा मी ओरडले, आता त्या तिला पुसून ठेवतात आणि कुणी आलं की सांगतात, ही ताईंची हरिश्चंद्रगडची काठी, हात नाही लावायचा.

दिवाळी झाली की येणार आहे. एसटीने, राजूरवरून, ग्रुप-बिप नाही. गडावर नाही चढणार इतक्यात, तुमच्या ओट्यावर बसेन. लेकीला विचारून ठेवा तिला कुठली पुस्तकं लागतात, परीक्षेची की गोष्टींची, दोन्ही आणीन. मामींनी चहात साखर कमी घालावी, तेवढं डॉक्टरांनी बंद केलंय.

आणि तुमचा टॉवेल माझ्याकडे राहिलाय. दोनदा गरम पाण्यात भिजवला, एकदा उन्हात टाकला, मामींची हळद काही निघाली नाही. तसाच आणते.

तुमची,
सरबतवाली बाई